वरच्या तीन वाट्या

एका वेबसाइटच्या बाईंनी दिल्ली-गुडगावातल्या इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या पाच-सहा जणांना एकच प्रश्न विचारला होता. स्वतःच्या प्रकाराबाहेरचं तुम्ही आवडीनं काय ऐकता? कुणी जॅझ सांगितलं, कुणी कव्वाली. अलकनंदाच्या स्टुडिओतला भागीदार अविनाश याने तर ऑपेरा ठोकून दिला. आयुष्यात त्याने पाच मिनिटंसुद्धा ऑपेरा ऐकला नव्हता.

अलकनंदा म्हणाली, "जलतरंग. करोल बागेत एक मावशी राहतात, त्यांचा."

"अच्छा! ऑनलाइन कुठे मिळेल?"

"नाही मिळणार. रविवारी सकाळी दहाला, तिसऱ्या मजल्यावर."

बाई हसल्या. अलकनंदा मात्र अजिबात गंमत करत नव्हती.

चंद्रप्रभा मावशी तिच्या आईच्या ऑफिसातल्या मैत्रीण. दोघी दिल्लीतल्या एका मंत्रालयात स्टेनो होत्या, एकाच टेबलावर डबा खायच्या. आई गेल्यानंतरच्या दिवाळीत अलकनंदा फराळ द्यायला म्हणून गेली, तर मावशी जमिनीवर बसून चिनी मातीच्या सतरा वाट्यांमध्ये चमच्याने पाणी घालत होत्या. मग त्यांनी वेताच्या दोन काड्या उचलल्या. फराळाचा डबा हातात तसाच धरून अलकनंदा दीड तास बसून राहिली.

त्याला आता आठ वर्षं झाली होती. तिचा धंदाच असा, की कुठलंही गाणं कानावर पडलं की मन त्याचे तुकडे पाडायला लागायचं. हा ठेका जड झाला, हे इथे कापायला हवं, ते मागे ढकलायला हवं. टॅक्सीत, लग्नात, न्हाव्याच्या दुकानासमोरून जातानासुद्धा. मावशींच्या वाट्यांपुढे ते सगळं गप्प व्हायचं. तिने त्यांचं वाजवणं कधी रेकॉर्ड केलं नाही. अविनाश चारदा म्हणाला, "यार, एक लूप तरी आण, सोनं होईल त्याचं." तिने आणला नाही.

तीन वर्षांपूर्वी मावशींनी काडी खाली ठेवली होती. "अलके, वरच्या सुरांच्या या तीन वाट्या मला ऐकूच येत नाहीत गं. काडी लागल्याचं हाताला कळतं तेवढंच. आता त्या तू लावून देत जा. कणसूर झालं तर लगेच सांग."

"कणसूर म्हणजे?"

"दिल्लीची मुलगी ती दिल्लीचीच! सूर एका केसाने सरकतो ना, ते."

तेव्हापासून दर रविवारी वरच्या तीन वाट्या अलकनंदाकडे आल्या. थेंबभर पाणी घाल, बोटाने टिपून काढ, पुन्हा वाजव. तिने मान डोलावली की मावशी सुरू करायच्या. स्वतःला न ऐकू येणारे सूर त्या तिच्या भरवशावर वाजवत होत्या.

फेब्रुवारीत छतरपूरच्या एका फार्महाउसवर लग्नाचं काम होतं. संध्याकाळी तयारी चालू असताना कुणीतरी चालू माइक घेऊन स्पीकरसमोरून गेलं आणि त्याची किंकाळी अलकनंदाच्या हेडफोनमधून थेट डोक्यात घुसली. तिने हेडफोन फेकून दिला. तीन दिवस कानांत शिट्टी वाजत राहिली. चौथ्या दिवशीही थांबली नाही, तेव्हा ती डॉक्टरकडे गेली.

डॉक्टरांनी आलेख समोर ठेवला. रेघ डावीकडून सरळ येत होती आणि उजवीकडे कड्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती. "पंधरा वर्षं मोठ्या आवाजात काम केलंत, त्यात हा धक्का. खालचे आवाज उत्तम ऐकू येतील. वरचं गेलं. ते परत येत नाही."

"डॉक्टर, मी म्युझिक करते."

"मग आवाज कमी ठेवा," ते म्हणाले आणि त्यांनी पुढचा पेशंट बोलावला.

कामाचं काहीच अडलं नाही, हेच तिला सहन होईना. तिची गाणी उभी राहायची ती छातीत घुमणाऱ्या खालच्या आवाजांवर. वरचं ती स्क्रीनवरचे आकडे बघून बसवायला लागली. कुणाला पत्ता लागला नाही. उलट अविनाश म्हणाला, "या वेळचं मिक्स एकदम स्वच्छ झालंय."

पण रविवारी मावशींनी काड्या उचलल्या आणि अलकनंदाला मधल्या वाट्या संपल्यावर फक्त टकटक ऐकू आली, लाकूड मातीवर आपटल्याची. वाटीच्या काठावरून उठून हवेत रेंगाळायचा तो सूर कुठेच नव्हता. त्याच्या जागी तिच्या कानातली शिट्टी होती. मावशींनी डोळे मिटून घेतले होते. त्या उत्तम वाजवत असाव्यात, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

"लागलंय ना गं नीट?"

"बिल्कुल," अलकनंदा म्हणाली.

पुढच्या रविवारी तिने फोनमध्ये सूर दाखवणारं ॲप घेतलं. फोन मांडीवर, ओढणीखाली. काटा मध्यावर आला की ती मान डोलवायची. सांगायचं रोज ठरवायची. पण सांगितलं तर मावशी वाजवणं थांबवतील आणि रविवार संपेल, एवढंच तिला दिसायचं. चार महिने तिने असे काढले.

जूनमध्ये दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनात ठरला आणि सेक्रेटरी दीनानाथ काळे मावशींना गळ घालून गेले. मावशी अकरा वर्षांनी लोकांसमोर बसणार होत्या. मोतिया रंगाची साडी त्यांनी आठवडाभर आधी इस्त्रीला दिली.

हॉलमध्ये पंखे घरघरत होते, खुर्च्या सरकत होत्या, शेजारी कॅटररची भांडी आदळत होती. फोनवरचा काटा वेड्यासारखा इकडून तिकडे पळायला लागला. अलकनंदाने वरच्या वाट्यांमध्ये पाणी घातलं, काढलं, पुन्हा घातलं. तिला काहीच कळत नव्हतं.

"झालं का गं?" मावशींनी स्टेजवर बसता बसता विचारलं.

आताही सांगता आलं असतं. तिने मान डोलावली.

मावशींचा हात वरच्या वाट्यांकडे गेला की पहिल्या रांगेतल्या माणसांचे चेहरे आक्रसत, हे अलकनंदाने बाजूला उभं राहून पाहिलं. पेटीवाल्याने दोनदा वळून बघितलं. मागच्या दोन मुली तोंडावर हात धरून हसल्या. मावशी डोळे मिटून शेवटपर्यंत वाजवत राहिल्या.

दीनानाथ शाल देताना हळूच म्हणाले, "बाई, वरच्या वाट्या फार उतरल्या होत्या हो. आता वय झालं, चालायचंच."

घरी आल्यावर मावशी शालीची घडी करत म्हणाल्या, "माझंच चुकलं. लावल्यावर माझाच धक्का लागला असेल, पाणी हललं असेल."

तेव्हा अलकनंदाने सगळं सांगितलं. माइक, डॉक्टर, ओढणीखालचा फोन, सगळं.

मावशींनी शाल बाजूला ठेवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे फेब्रुवारीपासून तुला काही ऐकू येत नव्हतं?"

"खालच्या वाट्या थोड्या येतात."

"आणि मी समजत होते, तू ऐकतेयस." त्या खुर्चीवर बसल्या. "मला येत नाही, पण अलकेला येतंय, म्हणून वाजवत होते गं मी. नाहीतर वाट्या आपटायची मला हौस आहे का?"

अलकनंदाने "सॉरी मावशी" म्हटलं. यापलीकडे तिला मराठीत काय म्हणायचं ते सुचलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी ती गेली, तेव्हा वाट्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिवाणात गेल्या होत्या. मावशींनी चहा केला, गुडघ्याचं सांगितलं, शेजाऱ्यांच्या बदलीचं सांगितलं. वाट्यांचा विषय दोघींनीही काढला नाही. मग बोलणं संपलं. मावशींनी टीव्ही लावला आणि आवाज पार शेवटपर्यंत वाढवला. पडद्यावरची बाई ओरडून काहीतरी बोलत होती. शब्द दोघींनाही नीट लागत नव्हते.

"बसतेस ना थोडा वेळ?" मावशींनी विचारलं.

"बसते," अलकनंदा म्हणाली, आणि जेवणाची वेळ होईपर्यंत बसली.