त्रेसष्ट वेळा होय महाराजा

हे कोणाला पटायचं नाही. त्यातलं देवापुढचं गाऱ्हाणं आबांनी घातलं आणि गोष्टही आबाच सांगताहेत म्हटल्यावर तर मुळीच नाही. तरी घरापुढच्या खळ्यात बसलाच आहात, तर आतून चहा येईपर्यंत ऐका.

फ्लाव्हिया टीचर मालवणात कॉम्प्युटर शिकवते. तीन वर्षं खपून तिने मुलांसाठी 'जुळवणी' नावाचा प्रोग्राम केला. मुलांनी अटी लिहायच्या: कोण कोणाशेजारी बसणार नाही, कोणाला पहिला तास नको. प्रोग्राम सगळ्या अटी पाळणारी मांडणी शोधून देतो, नसली तर 'उत्तर नाही' म्हणतो. तक्रारी आणि मागण्या यांच्यासाठी तिने इंटरनेटवर एक यादी ठेवली होती. एकाने तक्रार लिहावी, तीच अडचण दुसऱ्याला आली तर त्याने खाली ओळ टाकावी. आणि ओळ टाकणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या फोनवर 'सुटलं' दाबल्याशिवाय तक्रार बंद होत नाही. खुद्द टीचरलाही ती पुसता येत नाही. प्रामाणिकपणाच्या हौसेपायी बाईने स्वतःच्याच पायात दोरी बांधून घेतलेली.

शनिवारी दुपारी चारला एक समिती ती यादी उघडणार होती. एक जरी तक्रार उघडी दिसली, तर प्रोग्राम यंदा शाळांत जाणार नाही. आणि यंदा नाही म्हणजे कधीच नाही, हे समितीवाल्यांच्या गोड आवाजावरूनच तिने ओळखलं होतं.

शनिवारी सकाळी आठला तिने यादी उघडली आणि हातातला पाव चहात पडला. एक तक्रार, लालभडक. बंदराजवळच्या वाडीतल्या शाळेतून आलेली: तीन होड्या, होडीत दोघं, माणसं सात, एका घरातले दोघं एका होडीत नकोत, प्रोग्राम म्हणतो, उत्तर नाही. खाली त्रेसष्ट ओळी. प्रत्येक ओळीत एकच मजकूर: होय महाराजा.

तिने त्या शाळेच्या जितेंद्र मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, ह्या काय करून ठेवलास?"

"टीचर, काल पालकसभा होती. सभा म्हणजे आधी गाऱ्हाणा. आबांनी घातल्यानी. 'बा देवा महाराजा, पोरांचा ह्या कोडा सुटत नाय, तेका वाट दाखव रे महाराजा.' मी नुकतीच यादी दाखवलंय, सगळ्यांचे फोन हातात."

"म्हणान लिवल्यानी?"

"गाऱ्हाण्याक सगळ्यांनी 'होय महाराजा' म्हणूक व्हया. गप कशे ऱ्हवतले?"

टीचर ख्रिस्तांव, पण जन्म इथलाच. तिला कळलं. समितीला कोण समजावणार? त्यांना दिसणार त्रेसष्ट माणसांना छळणारी एक चूक. तिने छातीवर क्रूस काढला, लॅपटॉप पिशवीत घातला आणि रिक्षा पकडली. वाटेत तिने तीनदा घड्याळ बघितलं, तिन्ही वेळा नऊला दहाच मिनिटं कमी होती.

शाळेत आबा आधीच हजर, कालचे पालकही. तिने विचारलं, "आबा, होडी लहान, तीत दोघंच. तीन होडये म्हणजे सहा जण. सातवो खंय बसतलो?"

"बसता कित्याक? सातवो रोज काठार. जाळी शिवता."

"ह्या कोणी लिवलां नाय."

"लिवूचा काय तेच्यात? सगळ्यांका म्हायत आसा."

टीचरला हसावं की रडावं कळेना. प्रोग्राम सातव्या माणसाला होडीत कोंबायला बघत होता आणि त्याला कोणी काठ दाखवलाच नव्हता. तिने 'काठावर' ही जागा वाढवली. घाईत दोनदा चुकीची कळ दाबली गेली. साडेअकराला पडद्यावर उत्तर उमटलं. पोरं खूश. तक्रार मात्र लालच.

"आता सगळ्यांनी 'सुटलं' दाबा," टीचर म्हणाली.

कोणी हलेना. शेवटी पालकांतली राधाबाई म्हणाली, "देवाक दिलेलो होय मागे घेवचो? माझ्याच्यान होवचा नाय, बाये."

एक वाजला, दोन वाजले. टीचरने विनवलं, समजावलं, शेवटी ती पायरीवर बसून नुसती घड्याळाकडे बघत राहिली. तेव्हा आबांनी टोपी सारखी केली आणि दुसरं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, वाट गावली. लेकरांचा काम झाला. लागलेली लाली पुसून टाक रे महाराजा."

होय महाराजा म्हणत माणसं दाबत सुटली. पन्नास. साठ. पावणेचारला एकच ओळ उरली, प्रितेशची. टीचरने त्याच्या फोनवर मेसेज टाकला. पण प्रितेश कुठे? होडी घेऊन सात मैल आत समुद्रात, जिथे फोनला रेंज नाही. टीचरचा चेहरा मिठासारखा पांढरा पडला.

आबा खडकावर चढले. समुद्राकडे तोंड करून असा आवाज काढला, की किल्ल्याच्या तटाला आपटून तो दुप्पट झाला आणि लाटांवरून सरळ सात मैल गेला. तिकडून वाऱ्याबरोबर उत्तर आलं, होय महाराजा. चारला एक मिनिट कमी असताना ओळ पुसली गेली आणि यादी कोरी झाली.

गोष्ट इथवर आली तेव्हा हिरा चहाची किटली घेऊन दारात उभी होती.

"आबानू, प्रितेश माझो घोव," ती म्हणाली. "शनिवारी तो माझ्यावांगडा कणकवलेक दाताच्या डॉक्टराकडे होतो. चार वाजता खुर्चेर आ वासून पडललो. होय महाराजा खंयच्या तोंडान म्हणतलो? तेचो फोन माझ्या पिशयेत होतो. टीचरचो मेसेज इलो, बटण मियां दाबलंय."