पन्हळीचं तोंड

एलूव्हियाबाईंच्या घरी सकाळपासून फरशीचं कौतुक चाललं होतं. लेकीला पंधरावं लागणार होतं, आणि आमच्या ग्वातेमालात पंधरावा वाढदिवस म्हणजे लग्नाच्या तोडीचं कार्य. त्यासाठीच दिवाणखान्यात फुलाफुलांची नवी फरशी बसवली होती.

कटकट एकच होती. पत्र्यावरचं पावसाचं पाणी परसात साचायचं आणि ओल स्वयंपाकघरापर्यंत यायची. ते रस्त्याच्या गटारात सोडायचं तर पाइप दिवाणखान्याखालून न्यावा लागणार, म्हणजे फरशी फुटणार. नवऱ्यानं, रोलांदोनं, सोपी तोड काढली. पन्हळीला पाइप जोडून त्याचं तोंड मागच्या भिंतीतून दरीत काढून दिलं. दरीकाठच्या साऱ्या घरांनी तेच केलेलं होतं. उतारावर खोपटांत राहणारी माया जमातीची माणसं आमच्या लेखी शेजारी नव्हतीच, मग शेजारधर्म कुठला!

दुपारी भाकऱ्यांची पाटी घेऊन मरिया आली. हातमागाचा घागरा नेसलेल्या प्रत्येक बाईला आमच्याकडे मरियाच म्हणतात.

"बाई, एक बोलू? रागावू नका."

"बोल की. मका महागला वाटतं?"

"तसं नाही. तुमच्या पाइपाचं पाणी माझ्या घरामागंच पडतंय. माती सुटायला लागलीय. तोंड जरा दुसरीकडं वळवलंत तर..."

"अगं मरिया, पाणी खालीच जाणार. वर चढवू का मी ते?"

"माझी पोर त्याच भिंतीला निजते, बाई."

"मग दरीत घर बांधायला तुला कुणी सांगितलं होतं? कार्य पार पडू दे, मग बघू. आणि भाकऱ्या गरम दे हं, काल अगदी गारढोण होत्या."

तिनं फडकं उचललं आणि तळच्या गरम भाकऱ्या काढून दिल्या.

एलूव्हियाबाई दुष्ट नव्हत्या. सणाला तिच्या पाटीत गोडधोड ठेवायच्या, ताप आला तर गोळ्याही द्यायच्या. आपण तिला घरच्यासारखं वागवतो, असं त्यांना मनापासून वाटे. दुष्ट माणसं थोडी असतात. अशी भली माणसंच गावभर असतात.

त्या आठवड्यात पावसानं ठाण मांडलं. एका दुपारी परसामागं धडधड झाली आणि मांडणीतली भांडी हलली. बाई भिंतीशी धावल्या. पाइप धो धो वाहत होता. खाली मरियाच्या खोपटाच्या जागी नुसता चिखल होता.

बाई घसरत, पडत उतारावर पोचल्या, तोवर बंबवाले आले होते. त्यांच्यातला एकजण ओरडला, "सगळे गप्प! नावानं हाक मारा. जीव असेल तर ओ देईल."

बाई गुडघ्यांवर बसल्या. "मरिया! अगं मरिया, ओ दे गं!"

हाका मारमारून त्यांचा घसा बसला. तेवढ्यात भाकऱ्या पोचवायला गेलेली मरियाची पोर रिकामी पाटी घेऊन धावत आली आणि त्यांच्याकडे बघतच राहिली.

"कुणाला हाका मारताय?"

"तुझ्या आईला, बाळा."

"माझ्या आईचं नाव पेत्रोना आहे."

बाईंनी तोंड उघडलं, पण ते नाव त्यांच्या जिभेवर येईना. इतकी वर्षं त्या हातच्या भाकऱ्या खाल्ल्या होत्या. पण जी हाक मारायची, तीच त्यांना आजवर ठाऊक नव्हती. शेवटी त्या पोरीच्या मागोमाग त्यांनीही हाक मारली. पण पेत्रोना सापडली तेव्हा ओ द्यायला उरली नव्हती. आपणच तिला गाडलं, हे बाईंना कुणी सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घण उचलला.

"वेड लागलं का तुला?" रोलांदो ओरडला. "कार्य तोंडावर आलंय!"

"येऊ दे. पाहुणे चर ओलांडून येतील."

लेकीनं खुर्च्या बाजूला सरकवल्या.

फरशी फुटली, चर खणला गेला, पाणी रस्त्याच्या गटारात गेलं. पेत्रोनानं विनवलं होतं, तेव्हाही ते एवढंच काम होतं. हे बाईंच्या मनातून जात नाही.

तिची मुलगी आता मावशीकडे राहते. बाईंच्या दाराशी ती येत नाही, आणि बाई तिला दोष देत नाहीत.

दरीकाठच्या बाकीच्या पाइपांची तोंडं अजून खालीच आहेत. बाई दारोदार जाऊन ती वळवायला सांगतात.

"पाणी खालीच जाणार हो," लोक हसून म्हणतात.

"खाली कोण राहतं? नाव सांगा," बाई विचारतात.

अजून एकाही दारात त्यांना नाव ऐकायला मिळालेलं नाही.