दुजोरा

गोदामात त्याला सगळे मास्तर म्हणत. काम खोकी भरण्याचं, पण कुणालाही इंग्रजी अर्ज हवा असला की तोच लिहून द्यायचा.

त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा तिथेच फोर्कलिफ्ट चालवायचा. एका सकाळी गाडीचा ब्रेक लागला नाही, रॅक कोसळला आणि एका कामगार बाईचा हात मोडला. ब्रेक सैल झालाय हे आपण आठवडाभर आधीच सांगितलं होतं, असा जबाब मेहुण्याने दिला. सुपरवायझरने कानांवर हात ठेवले. ते सांगणं तिसऱ्या कुणी ऐकलं असेल, तर ते मास्तरने.

त्याची लेखी साक्ष मागवली गेली. साधं लिही, असं बहिणीने बजावलं होतं. पण साहेबांपुढे साधं लिहायला त्याला लाज वाटली. मेहुण्याच्या जबाबाला मी दुजोरा देतो, हे वकिली थाटात लिहायचं म्हणून त्याने 'करॉबोरेट' हे क्रियापद योजलं. कागदावर मात्र उतरलं 'कोलॅबोरेट'.

चौकशी करणाऱ्या बाईंनी त्या शब्दावर बोट ठेवून विचारलं, हा तुम्हीच लिहिलात ना, अर्थ ठाऊक आहे ना?

"इंग्रजीचं मला विचारू नका, बाई," मास्तर ऐटीत हसून म्हणाला.

निकाल आला : दोघांनी मिळून जबाब रचला, संगनमत सिद्ध. मेहुण्याची नोकरी गेली. मास्तरला नुसती समज मिळाली.

मुलीने शब्दकोश उघडून दाखवला : 'कोलॅबोरेट' म्हणजे दुजोरा देणं नव्हे, हातमिळवणी करणं. तो तसाच बाईंकडे गेला.

"मला काय म्हणायचं होतं ते तुम्हाला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं," फाइलमधून मान न उचलता त्या म्हणाल्या. "पण मी कागदावरचं वाचते."

संध्याकाळी तो बहिणीकडे गेला. मेहुणा उठून आत निघून गेला. बहिणीने पाणी दिलं, दोन शब्दांमधला फरक शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"हा माणूस खरं बोलतोय, एवढंच लिहायचं होतंस, दादा," ती म्हणाली. "तेवढं इंग्रजी मलाही येतं."

पुढच्याच आठवड्यात कंपनीने सगळ्या फोर्कलिफ्टचे ब्रेक गुपचूप बदलून घेतले. मास्तर दिवसभर खोक्यांना पट्ट्या लावत ते बघत राहिला.