फोटोपुरतं

संत तुकाराम नगरातल्या सुमनताईंच्या हॉलमध्ये मंजुळा ब्लाउजचं माप घ्यायला गेली आणि भिंतीवर तिला ती स्वतःच भेटली. वय वर्षं दहा, डावीकडून तिसरी, अंगात कुणाचा तरी निळा फ्रॉक, एक हात पाठीमागे.

"भूकंपाच्या वेळचा फोटो," सुमनताई कौतुकानं म्हणाल्या. "आमच्या महिला मंडळाचं पहिलं काम. ही पोर बघ, कशी गोड लाजतेय!"

मंजुळा लाजत नव्हती. त्या फ्रॉकची पाठीची चारही बटणं देणाऱ्यांनी आधीच कापून घेतली होती; गळ्याशी शोभेचं एक पांढरं, फुलाच्या आकाराचं तेवढं राहिलं होतं. घर गेलेलं, आजी गेलेली, आणि राहिलेल्या सगळ्या गावासमोर ती उघडी पाठ मुठीत आवळून उभी होती. ह्याच बाईंच्या बांगडीत लटकणाऱ्या पिनांकडे बोट दाखवून तिनं एक मागितली होती. बाई म्हणाल्या होत्या, "फोटोपुरतं धर गं हातानं."

तीस वर्षं उलटून गेली, पण ते वाक्य काही जुनं झालं नव्हतं. ह्या बाईला एकदा, फक्त एकदा, चारचौघांत तसंच उभं करायचं, एवढं एकच मंजुळाच्या मनात आलं. तिनं गळ्यातला टेप काढला.

"हुकं पाठीत घेऊ का पुढं, ताई?"

"पाठीत. गळा खोल ठेव. रविवारी कुरुळीत कार्यक्रम आहे, पेपरवाले येणारेत."

कुरुळीत भंगाराच्या गोदामामागे ब्रह्मदेशातून जीव वाचवून आलेली नऊ कुटुंबं पत्र्याच्या खोल्यांत राहत होती. त्यांच्या पोरांना मंडळ कपडे वाटणार होतं. सोसायट्यांमधून जमवलेली चार पोती दारातच होती.

"हे जरा तूच निवडून दे. आणि चांगली बटणं कापून ह्या डब्यात टाक," सुमनताईंनी बिस्किटांचा जुना डबा पुढे केला. "दिवाळीत तोरणं करतो आम्ही. त्या लोकांना काय, पिना लावून घालतील."

डबा जड होता. कैक वर्षांची बटणं होती त्यात. घरी आल्याआल्या मंजुळानं तो चादरीवर उपडा केला आणि आपल्या निळ्या फ्रॉकची पांढरी, फुलाच्या आकाराची चार शोधली. नव्हती. एवढं कुठलं नशीब!

शनिवारी दुपारी तिची मैत्रीण झुलेखा मदतीला आली. नवऱ्याच्या गॅरेजमागे कुरुळीतल्या ह्याच पोरांना ती रोज दोन तास शिकवायची. मंजुळा कापत नव्हती, उलट लावत होती. डब्यातली बटणं एकेक करून पोरांच्या कपड्यांवर चढत होती.

"ताईंचं तोरण गेलं म्हणायचं," झुलेखा हसली. मग तिला खुंटीवरचा ब्लाउज दिसला. तिनं एक हुक ओढून पाहिलं. "मंजू, हा कच्चा दोरा आहे."

"हाय."

"श्वास घेतला तर निघतील गं!"

"श्वासाला टिकतील. भाषणाला न्हाई टिकायची."

मग मंजुळानं तिला भिंतीवरच्या फोटोचं सांगितलं. झुलेखानं हातातलं हुक सोडलं.

"आणि त्या रागापायी माझ्या पोरांचे कपडे अडकले तर?"

"आधी पोरांना वाटायचं, मग भाषण, मग फोटो. विचारून ठेवलंय मी. नि एकाही पोराचं एक बटण कमी असलं तर माझं नाव बदल."

झुलेखानं सुईत दोरा ओवून तिच्या हातात दिला. "मी चष्मा घरी विसरले बाई. मला काही दिसलं नाही."

रविवारी सकाळी वाटप झालं. सात वर्षांच्या अफरीनच्या फ्रॉकला पाठीवर लाल, काळं, सोनेरी आणि हिरवं अशी चार बटणं होती. हात मागे नेऊन ती त्यांना पुन्हापुन्हा चाचपत होती. मग सुमनताई बोलायला उभ्या राहिल्या. मायभगिनींवर आल्या, हात उंचावला आणि पहिलं हुक गेलं. करुणेवर येईपर्यंत उरलेलीही गेली.

भाषण आवरून त्या तिरक्या चालत मंजुळाजवळ आल्या. पदराची पिन काढावी तर पदर घसरणार, आणि हल्ली हातात बांगड्यांऐवजी घड्याळ.

"मंजुळा, पिन दे, लवकर!"

मंजुळाच्या बांगडीत पाच पिना लटकत होत्या.

"फोटोपुरतं धरा की हातानं, ताई."

"अगं, सगळे बघतायत!"

"व्हय. बघतातच."

फोटोवाल्यानं हाक मारली. सुमनताई पोरांच्या मधोमध उभ्या राहिल्या, एक हात पाठीमागे. अफरीननं मान वळवून त्यांची पाठ पाहिली आणि आपल्या भाषेत झुलेखाला काहीतरी विचारलं.

"ती म्हणते," झुलेखा मंजुळाच्या कानाशी लागली, "ह्यांची बटणं कुणी कापली?"

मंजुळाला हसू आलं, आणि कुठूनसं पाणीही आलं डोळ्यांत. ते तिनं तिथंच परतवलं. कॅमेरा तीनदा वाजेपर्यंत ती जागची हलली नाही. मग पुढे होऊन तिनं बांगडीतली पिन काढली आणि सुमनताईंच्या पाठीला हात घातला.

"तुमच्या हॉलमधल्या फोटोत डावीकडून तिसरी मी हाय, ताई," ती हळूच म्हणाली. "लाजत नव्हते मी."

बोटांखालची पाठ ताठ झाली. सुमनताईंनी मान वळवली नाही. मंजुळानं पिन टोचणार नाही अशी नीट बंद केली.

"ह्या फोटोची एक कॉपी मलाबी द्या," ती म्हणाली. "माझ्या भिंतीवर जागा हाय."