चौकटीचा रंग

त्या रंगाऱ्याला सगळे तीनहाते काका म्हणत. भिंतीला रंगाचे दोन हात झाले की बाकीचे रंगारी ब्रश धुवायला घेतात. काका तिसरा हात दिल्याशिवाय शिडीवरून उतरत नसत. गिऱ्हाईक म्हणे, पुरे की आता. काका म्हणत, तुम्हाला पुरे, भिंतीला नाही. चाळीस वर्षांत केलेलं काम दुरुस्त करायला त्यांना कुणी परत बोलावलं नव्हतं, आणि ही गोष्ट, कुणी विचारो न विचारो, पहिला चहा संपायच्या आत ते सांगून मोकळे होत.

त्यांची आणखी एक खोड होती. खोली पुरी झाली की स्टुलावर चढायचं, कानामागची पेन्सिल काढायची आणि दाराच्या वरच्या कडेवर, जिथे धुळीशिवाय कुणी फिरकत नाही, तिथे रंगाचा नंबर, किती हात दिले आणि तारीख लिहून ठेवायची. पुढच्या रंगाऱ्यासाठी. तो कोण असेल, कधी येईल, कुणाला माहीत. पण जुन्या भिंतीचा रंग नुसत्या नजरेनं जुळवायला बसलं की जीव कसा मेटाकुटीला येतो, ते त्यांनी भोगलं होतं.

या घरी ते गेले तेव्हा सूनबाई फोन उघडूनच दारात उभी. घरात माणसं तीन: ती, तिचा नवरा आणि सासू.

"काका, आता सगळं एकाच रंगात करतात," ती म्हणाली. "भिंती, छत, दार, चौकट, खालची पट्टीसुद्धा. हे फोटो बघा. नजर कुठे अडखळतच नाही."

काकांनी चष्मा नाकावर ओढून फोटो पाहिले. त्यांच्या उमेदीच्या काळात घरं पांढरी नाहीतर फिकट पिवळी. मग एक भिंत भडक आणि उरलेल्या तीन गरीब, अशी टूम निघाली. त्यानंतर कितीतरी वर्षं जो तो राखाडीच्या मागे. काकांच्या नखांतून राखाडी निघता निघत नव्हता. आता त्याच राखाडीचं तोंड बघायला कुणी तयार नाही. आता माती, वाळू, झाडाची पानं, आणि तेही नखशिखांत एकच. काकांना ते काही पटलं नाही. चौकटीशिवाय दार म्हणजे काठाशिवाय लुगडं, असं त्यांचं मत. पण मत गिऱ्हाईकाचं चालतं, रंगाऱ्याचा हात.

हॉलला फिकट विटकरी ठरला. आतल्या खोलीसाठी तिनं शेवाळी काढून ठेवला होता.

"ही आईंची खोली," ती म्हणाली. "आठ दिवस विचार केलाय मी या रंगावर. त्यांना शांत वाटलं पाहिजे. खोली पूर्ण झाली की मगच बघायची, मध्ये डोकावायचं नाही, असं ठरवलंय मी. तोवर आई हॉलमध्ये झोपतील."

त्या घराच्या चौकटी तेव्हा गडद तपकिरी होत्या, जवळजवळ काळ्याच. काकांनी हॉल घासला, प्रायमर दिला, आणि भिंतींबरोबर तिथल्या चौकटीही विटकरी करून टाकल्या. तीन हात. काम देखणं झालं होतं, हे त्यांना मनातल्या मनात कबूल करावं लागलं.

हॉल पुरा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सून कामावर गेल्यावर सासूबाई चहा घेऊन आल्या, त्या दाराच्या बाजूला भिंतीवरच आदळल्या. कप वाचला, चहा सांडला.

"तोल गेला मेला," त्या हसून म्हणाल्या आणि कप पुढे केला. काका डावीकडे उभे होते. कप उजवीकडे आला.

रंगाऱ्याचा जन्म नजरेवर जातो. दुसऱ्याची नजर त्याला लगेच कळते. काकांनी शेडकार्ड काढलं, उलटं धरलं, नुसती कोरी पाठ, आणि म्हणाले, "मावशी, यातला खोलीला कुठला बरा दिसेल?"

"दोन्ही छान आहेत," सासूबाई म्हणाल्या. मग मान तिरकी करून डोळ्याच्या कडेनं कार्ड पाहिलं. "पाठ दाखवलीत ना मला?"

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं, मावशी."

"तुमचं कसलं चुकलं. बसा." त्या स्वतः स्टूल चाचपून बसल्या. "मधोमध धूर झालाय बघा. कडेकडेचं दिसतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकटीच जाऊन आले. म्हणाले, गेलेलं येणार नाही, आहे ते सांभाळा. सांभाळतेय. घर मला त्या काळ्या चौकटींवर पाठ होतं. काळं उभं दिसलं की समजायचं, इथे दार. ते तुम्ही पुसलंत. आता भिंत कुठे संपते नि वाट कुठे लागते, मला पत्ता नाही."

"मग सुनेला सांगा की. एका शब्दाचं काम."

"ती वाईट असती तर केव्हाच सांगितलं असतं. चांगली आहे, हीच तर पंचाईत. उद्यापासून गॅसपाशी उभं राहू देणार नाही, जिना उतरू देणार नाही. वेळ पडली तर नोकरी सोडून माझा हात धरून बसेल. माझ्या धाकट्या बहिणीचं हेच झालं. सगळ्यांनी इतकं जपलं, इतकं जपलं, की खुर्चीतून उठायचंच विसरली ती. मला अजून थोडे दिवस माझा चहा मला करायचाय, बस. तुम्ही काही बोलू नका."

काकांनी मान हलवली. मग ती मान त्यांना दिसली नसेल असं ध्यानात येऊन मोठ्यानं म्हणाले, "नाही बोलणार."

शब्द देऊन बसले खरे, पण संध्याकाळी त्यांनी आडून आडून सुनेकडे विषय काढलाच. चौकट फिकट केली की हाताचे डाग फार दिसतात. फॅशनचं काय, आज आहे उद्या नाही. गडद चौकट कशी उठून दिसते.

तिचा चेहरा उतरला. "तुम्हालाही नाही ना आवडलं? आईंनाही नाही आवडलेलं. तोंडानं म्हणत नाहीत. पण हॉल झाल्यापासून बघतेय मी, भिंतीला हात लावत लावत फिरतात, मध्येच थांबतात, कुठे वळत नाहीत. माझ्याशी बोलतानाही दुसरीकडेच बघतात. मी इतक्या हौसेनं निवडलं, काका." तिनं डोळे पुसले. "खोली झाली की आवडेल त्यांना. तुम्ही ठरल्याप्रमाणेच करा."

आता या बाईला काय सांगायचं? एकीचं गुपित राखावं तर दुसरी उगाच रडतेय, आणि हिचं ऐकावं तर ती पहिली स्वतःच्याच खोलीत भिंतीवर आपटणार. घरी जाताना रस्ताभर काका स्वतःशीच पुटपुटत होते. गिऱ्हाईक सांगेल तसं काम करायचं आणि चुकायचं नाही, या दोनच गोष्टींवर त्यांनी चाळीस वर्षं भाकरी खाल्ली होती. आता एक धरली तर दुसरी सुटत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खोलीच्या भिंती आणि छत शेवाळी केलं. दारही शेवाळी केलं. मग पिशवीतून गडद तपकिरी ऑइलपेंटचा डबा काढला, झाकण उघडलं, रंग ढवळला आणि चौकटीला लावला. तो वाळायला दिवस जातो, म्हणून रोज एक हात. बाहेरून चौकट जुनीच दिसे. सुनेला वाटे, चौकटीची पाळी अजून यायची आहे.

चौथ्या संध्याकाळी त्यांनी तिला बोलावलं. ती हसत आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"काका, चौकट?"

"चूक झाली, ताई. डबा चुकला."

कामाबद्दल हे वाक्य त्यांनी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं होतं.

"चाळीस वर्षांत चुकला नाही म्हणालात, आणि नेमका माझ्याच घरी?" तिनं चौकटीवरून बोट फिरवलं. लाकूड काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. "किती हात दिलेत?"

डब्याबद्दल खोटं बोलणं एक वेळ जमलं. हातांबद्दल खोटं बोलायला काकांची जीभ वळेना.

"तीन."

"चुकून एक हात बसतो, काका. चुकून तीन बसतात होय?"

काका फडक्यानं ब्रश पुसायला लागले. तीनची खोड नडली. एकच हात मारला असता तर खपून गेलं असतं.

तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन निघाल्या. पायरीवर पाय चाचपडला. हॉलमधून येताना त्यांचं कोपर भिंतीला घासत होतं, पाऊल तोलून पडत होतं. मग खोलीची चौकट समोर आली, आणि त्यांनी भिंत सोडली. दाराच्या बरोबर मधून, ताठ, भरभर आत आल्या आणि ट्रे टेबलावर ठेवला.

"दार कसं ठसठशीत दिसतंय गं," त्या म्हणाल्या. "छान झाली खोली. फार छान."

सुनेनं सासूकडे पाहिलं, मग मागे वळून हॉलच्या भिंतीकडे. नव्या विटकरी रंगावर कमरेच्या उंचीला बोटांच्या पुसट रेघा उठल्या होत्या. सगळ्या दाराच्या दिशेनं गेलेल्या. इतके दिवस तिनं त्या रेघांना नावड समजून उशीत तोंड खुपसून रडून घेतलं होतं. आता तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली. ती विचारणार, असं तिच्या ओठांवर दिसलं.

"ताई," काका हळूच म्हणाले, "चहा गार होतोय."

तिनं कप उचलला. दोन घोट घेतले.

"काका, तो चुकलेला डबा उरलाय का?"

"अर्धा आहे."

"मग हॉलच्या सगळ्या चौकटींनाही चुका. आणि स्वयंपाकघराच्या पायरीच्या कडेला जाड पट्टी ओढा त्याचीच. चांगली चार बोटं जाड."

"हिची आवड दर आठवड्याला बदलते," सासूबाई म्हणाल्या. पण कप त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला होता आणि बराच वेळ त्या चहा प्यायल्याच नाहीत.

मुलगा कामावरून आला तेव्हा काका हॉलच्या चौकटीवर पहिला हात मारत होते.

"अगं, सगळं एकाच रंगात करायचं होतं ना?" त्यानं बायकोला विचारलं.

"ती फॅशन गेली."

"कधी?"

"आजच."

तो हसला आणि हातपाय धुवायला निघून गेला.

हॉलचा तिसरा हात वाळल्यावर काका आतल्या खोलीत लिहायला स्टुलावर चढले. सुनेनं स्टूल धरलं. त्यांनी दाराच्या कडेवर शेवाळीचा नंबर लिहिला, तीन हात लिहिलं, तारीख लिहिली. मग खाली आणखी एक ओळ लिहिली, जी त्यांनी कुठल्याच दारावर लिहिली नव्हती: चौकट गडदच ठेवावी.

"पुढचा रंगारी विचारेल, का म्हणून," ते वरूनच म्हणाले. "कारण लिहू?"

स्वयंपाकघरात पातेलं वाजलं, गॅस पेटल्याचा आवाज आला. सासूबाई चहा टाकत होत्या. सुनेचे पाय तिकडे वळले, एक पाऊल गेलंही, पण ती परत फिरली आणि तिनं स्टूल पुन्हा धरलं.

"नको," ती म्हणाली. "त्या सांगतील तेव्हा सांगतील."

काकांनी पेन्सिल कानामागे खोचली आणि खाली उतरले.