हेअर ड्रायरवरची भट्टी

लोकांना चाळिशीत चष्मा लागतो, माझ्या मुलाला लोहारकी लागली. आठवडाभर विम्याच्या कचेरीत पंख्याखाली बसायचं आणि सुट्टीच्या दिवशी परसात सुऱ्या ठोकायच्या. मी लोहाराची बायको. पोराच्या हाताला घट्टे पडू नयेत म्हणून त्याला शाळेत घातलं. आता एखादा घट्टा पडला की हा त्याचा फोटो काढून मित्रांना पाठवतो.

भट्टी म्हणजे आतून मातीनं लिंपलेली जुनी बादली. भात्याच्या जागी सुनेचा हेअर ड्रायर. ती बिचारी महिनाभर ओल्या केसांनी कामाला जातेय. ऐरण म्हणजे भंगारातला रुळाचा तुकडा. आणि गुरू? मोबाईल. जिनं तीस वर्षं भट्टीशेजारी काढली ती आई घरात बसलीय, पण तिला विचारलं तर साहेबांचा मान जातो.

पहिली सुरी त्यानं लालभडक तापवून तेलात विझवली, घासून चकचकीत केली, आणि ओट्यावरून पडली तशी फरशीवर तिचे दोन तुकडे झाले. होणारच. नुसतं विझवलेलं पोलाद काचेसारखं असतं. पुन्हा हलकं शेकून त्याचा ताठा उतरवावा लागतो. मला ठाऊक होतं. मला विचारलं होतं कुणी?

दुसऱ्या सुरीच्या दिवशी सकाळीच घोषणा झाली. "आज ही नीट जमली की उद्या राजीनामा. यापुढे सुऱ्याच करणार."

"आणि खाणार काय? सुऱ्या?" सून म्हणाली.

"हातानं घडवलेल्या वस्तूला लोक मान देतात. तुला नाही कळायचं."

"तुझ्या बापालाही दिला होता," मी म्हटलं. "त्या मानानंच कंबर वाकली त्यांची."

तो परसात गेला तशी सून माझ्याजवळ आली. डोळे भरलेले. "आई, त्याला अर्धवटच येतं. हीसुद्धा बिघडेल आणि वेड उतरेल. तुम्ही फक्त काही सांगू नका."

"मी कशाला सांगू? तोंडाला कुलूप," मी म्हटलं, आणि खुर्ची घेऊन परसात बसले. नुसती बघायला.

या खेपेला शेकायचं त्याला कळलं होतं, मोबाईलकृपेनं. तापलेल्या लोखंडी ठोकळ्यावर त्यानं सुरीची पाठ टेकवली, सांडशीत धरली आणि डोळे लावून बसला. सुरीवर नव्हे हो, मोबाईलच्या घड्याळावर! पाच मिनिटं म्हणे. पोलाद काय घड्याळ बघून शेकतं? पाठीकडून रंग सरकू लागले. पाठीला निळा, त्याच्यापुढे जांभळा, मग तांबूस, आणि सगळ्यांच्या पुढे वाळल्या गवतासारखा पिवळा. हा पिवळा धारेला पोचला की त्याच घटकेला सुरी पाण्यात जायला हवी. निळा पोचला तर धार मऊ, लोणी कापायच्या लायकीची.

भट्टीनं ह्यांची नजर अधू केली होती. शेवटची बारा वर्षं घाव त्यांचे आणि रंग माझे. मी सांगायचे, ते काढायचे.

मोबाईलवर दोन मिनिटं बाकी होती. पिवळा धारेला टेकला. दारात सून उभी होती, माझ्याकडेच बघत. एवढा एक श्वास मी गिळला असता तर नोकरी वाचली असती, पगार वाचला असता, सुनेची झोपही वाचली असती.

"काढ!" मी ओरडले. "पाण्यात घाल मेल्या, पाण्यात!"

दचकून त्यानं घातली. चर्र झालं. सून पाय आपटत आत गेली.

मग दगडावर धार लावून त्यानं पिकलेला टोमॅटो चिरला, इतका पातळ की चकतीतून पलीकडचं दिसावं. मुद्दाम फरशीवर आपटली, तरी सुरी खणखणीत. साहेब छाती फुगवून माझ्यापुढे उभे. "बघितलंस आई? उद्या राजीनामा!"

मी सुरी हातात घेतली. उगीच खोटं कशाला बोलू, चांगली झाली होती.

"सुरी झकास आहे," मी म्हटलं, "कारण ती मी काढली. तू घड्याळ बघत होतास. उद्या मुकाट्यानं कचेरीत जायचं. दर सुट्टीला मी इथं बसेन. माझं तोंड बंद असताना ज्या दिवशी तू वेळेवर सुरी काढशील, त्या दिवशी राजीनाम्याचं बोलू. तोवर तू लोहार नाहीस, लोहाराचा मुलगा आहेस. आणि तेही माझी कृपा!"