गाळलेला परिच्छेद

मिशनच्या मुख्य कचेरीतून आलेलं पत्र सगळ्यांसमोरच फोडायचं, ही चर्चच्या मिशन-सचिव असलेल्या मावशींची एकतीस वर्षांची शिस्त. आधी एकट्यानं वाचून मग सांगितलं की माणूस हातचं राखून सांगतो, असं त्यांचं म्हणणं. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झालेली, त्यामुळे आवाज खणखणीत आणि दुसऱ्याचा निरोप जसाच्या तसा पोचवायची सवय अंगात मुरलेली. त्या रविवारीही उपासना संपल्यावर त्या उभ्या राहिल्या, कात्रीनं पाकीट कापलं आणि स्वतःच्याच तोंडानं स्वतःचा अपमान मोठ्यानं वाचून दाखवला.

पत्र मिशनच्या पुढच्या दिशेबद्दल होतं. मुख्य कचेरीचं म्हणणं असं, की गेली शंभर वर्षं आपण परदेशात नर्स पाठवल्या, शिक्षक पाठवले, उपासना चालवणारे पाळक पाठवले. आता तिकडच्या मंडळ्या, म्हणजे तिथली चर्चं, आपल्या पायांवर उभ्या आहेत आणि त्यांनाही माणसं पाठवायची आहेत. तेव्हा यापुढे हे काम एकतर्फी राहणार नाही. "सुरुवात म्हणून," मावशी वाचत होत्या, "तुमच्या मंडळीकडे तिकडची एक सेविका पाठवण्याचा विचार आहे. ती आठवडाभर राहून जाईल. तिला बघा, आणि मग कायम ठेवायचं का ते ठरवा."

"कोणाच्या मंडळीकडे?" चष्मेवाल्यांनी विचारलं. चष्म्याचं दुकान चालवणारे हे गृहस्थ मंडळीचे डीकन, म्हणजे पाळकांच्या खालोखाल कारभार बघणारे.

"आपल्या."

"वाचण्यात काहीतरी चूक झाली असेल."

"मी वाचताना चुकत नाही," मावशी म्हणाल्या आणि कागद घडी करून पाकिटात कोंबला.

हे खरंच होतं. त्या चुकत नसत. फक्त एकदा, सहा वर्षांपूर्वी, त्यांनी एक परिच्छेद जाणूनबुजून गाळला होता. पण त्याला चूक म्हणत नाहीत, आणि मावशी तर त्याला काहीच म्हणत नसत.

ही मंडळी बॅप्टिस्ट पंथाची. या लोकांचं एक बरं असतं, आणि तेच कधीकधी डोक्याला ताप होतं: त्यांच्यावर कोणाचा हुकूम चालत नाही. मुख्य कचेरी सुचवू शकते, विनवू शकते, पण ठरवते ती मंडळीची सभा, हात वर करून. पाळकांना एक मत आणि दाराशी डुलक्या काढणाऱ्या आजोबांनाही एकच. एके काळी या सभेत दीडशे हात वर होत. आता सभासद अकरा. पाळकसाहेब उन्हाळ्यात निवृत्त व्हायचे होते आणि अकरा माणसांसाठी नवीन पाळक यायला तयार नव्हता. ही सेविका नको म्हटली, तर वर्षाच्या आत दाराला कुलूप लागणार, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यावर बोलत मात्र कोणी नव्हतं.

घरी आल्यावर मावशींच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "आपल्याकडे मिशनरी! आपण काय वाऱ्यावर पडलोय?"

त्यांची धाकटी बहीण भाजी निवडत होती. दोघी एकत्रच राहत, आणि थोरलीची हवा काढणं हा धाकटीचा साठ वर्षांचा आवडता उद्योग होता. "तू त्यांच्याकडे माणसं धाडायचीस, तेव्हा ते वाऱ्यावर पडले होते का?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

मावशींनी पातेल्यावर झाकण इतक्या जोरात आपटलं की तेच उत्तर समजावं लागलं. आणि मिशनची पाहुणी मिशनच्या सचिवाकडेच उतरायची, हाही मावशींचाच नियम असल्यामुळे, संध्याकाळी त्या तोंड पाडून पाहुण्यांच्या खोलीतली चादर बदलायला लागल्या.

पाहुणी सोमवारी आली. चाळिशीची, उंच, पेशानं नर्स. दोन वर्षं घासून आपली भाषा शिकून आलेली; बोलायची सावकाश पण नीट. आणि गंमत म्हणजे ज्या गावच्या दवाखान्याला मावशी इतकी वर्षं स्वेटरांची पार्सलं करत होत्या, नेमकी त्याच गावची. मावशींना त्या गावाची खडान्‌खडा माहिती. दवाखान्यात खाटा किती, सुईणीला मुली किती, गाडीच्या ड्रायव्हरचं कोणतं ऑपरेशन झालं. पाहुणीचं पाणी जोखावं म्हणून त्यांनी चहा देता देता विचारलं, "ड्रायव्हरचं पोट आता कसं आहे?"

"सुटलंय," पाहुणी म्हणाली. "स्वतःचं गॅरेज काढलं त्यानं. दिवसभर बसून असतो." मग तिनं खिडकीबाहेर पाहिलं. बहिणींचं घर चर्चच्या शेजारीच होतं. "चर्चच्या समोर ती लाँड्री आहे ना, तिथे कोण असतं?"

"एक बाई असते."

"नाव काय त्यांचं?"

मावशींनी साखरेचा डबा उगाच पुढे सरकवला. धाकटी खाली मान घालून हसू दाबत होती.

विषय बदलावा म्हणून मावशींनी मिशनचं जुनं मासिक काढलं. पहिला मिशनरी त्या गावी पोचला तेव्हा गावानं त्याचं आनंदानं स्वागत केलं, असं त्यात छापलेलं होतं. पाहुणीनं ते वाचलं आणि ती अशी हसली की चहा बशीत सांडला. "आनंदानं? माझ्या पणजीनं वर्षभर त्याला दार उघडलं नाही. म्हणायची, आम्हाला काय कमी आहे?"

"मग?"

"मग काय. कमी होतंच थोडंफार. पण ते परक्यानं येऊन सांगितलेलं कोणाला आवडतं?"

मावशींना ती न पाहिलेली पणजी एकदम जवळची वाटली. मासिकात हे कधी आलं नव्हतं, आणि येणारही कसं, मासिक इथे छापलं जायचं.

तीन दिवसांत पाहुणीनं रस्ता पालथा घातला. किल्ल्या बनवणाऱ्याचा रक्तदाब तिला माहीत, वरच्या मजल्यावरच्या बाळंतिणीला रात्री झोप लागत नाही हे तिला माहीत. मावशी पडद्याआडून हे सगळं पाहत होत्या आणि स्वतःला बजावत होत्या, की नव्याची नवलाई आहे, आठ दिवसांची. गुरुवारी ती लाँड्रीवाल्या बाईंना घेऊन चर्चमध्ये आली. मावशी तेव्हा बाकं पुसत होत्या.

लाँड्रीवाल्या बाई दारातच थबकल्या. "अरे, बाकं आहेत इथे. मला वाटायचं गोदाम आहे."

"गोदाम?" मावशी म्हणाल्या.

"खोके आत जाताना दिसतात ना. बाहेर येताना काही कधी दिसले नाहीत."

मावशी पुसलेलंच बाक पुन्हा पुसायला लागल्या. लाँड्रीवाल्या बाईंनी आरामात इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमच्यात ते पाण्यात बुडवतात म्हणे माणसाला. कुठे?"

"व्यासपीठाच्या फळ्यांखाली हौद असतो," पाहुणी म्हणाली. "पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. चला, दाखवते."

"फळ्या फुगल्यात," मावशी घाईनं म्हणाल्या. "निघणार नाहीत."

पण वीस वर्षं जड इस्त्री चालवलेल्या हातांपुढे फळ्या कसल्या टिकतात. लाँड्रीवाल्या बाईंनी पहिली फळी पुठ्ठा उचलावा तशी उचलली. मग दुसरी. हौद काठोकाठ भरला होता. पाण्यानं नव्हे, खोक्यांनी. प्रत्येक खोक्यावर मावशींच्या सुरेख अक्षरात त्या दवाखान्याचा पत्ता.

तो गाळलेला परिच्छेद आता सांगितलाच पाहिजे. सहा वर्षांपूर्वी मुख्य कचेरीनं लिहिलं होतं, की कृपया यापुढे पार्सलं पाठवू नका. लागेल ते तिकडे मिळतं, आणि तिकडच्या दुकानदारांकडून घेतलेलं बरं. मावशींनी वाचता वाचता वर पाहिलं, तर समोरच्या बाकावर दोन बहिणी बसलेल्या, मांडीवर अर्धवट विणलेले स्वेटर. या दोघी, ऐंशीच्या पुढच्या, मंडळीत विणकरणी म्हणूनच ओळखल्या जात. मावशींची नजर पुढच्या परिच्छेदावर घसरली आणि जीभही तिच्या मागून गेली. पुढच्या महिन्यात स्वेटर आलेच. नाही कसं म्हणायचं? हौद त्याआधीच आठ वर्षं कोरडा पडला होता, म्हणून तात्पुरते त्यात ठेवले. असलं तात्पुरतं किती वर्षं चालतं, हे घर असलेल्या कोणालाही माहीत आहे.

पाहुणीनं एका खोक्यावरचा पत्ता वाचला. खोका उघडून एक जांभळा स्वेटर अंगाला लावून पाहिला. "आमच्याकडे थंडी दोन आठवडे असते," ती म्हणाली. "पण रंग छान आहे."

लाँड्रीवाल्या बाई हसल्या. मावशींना हसू येईना. त्या व्यासपीठाच्या पायरीवर मटकन बसल्या आणि हातातल्या फडक्याची घडी घालत राहिल्या. त्यांना खूप लाज वाटत होती. एकतीस वर्षांच्या कामातली सहा वर्षं त्या फळ्यांखाली दडलेली होती.

पाहुणीनं फळ्या जागच्या जागी बसवल्या. "सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा," ती म्हणाली. "मी पाहुणी आहे."

रविवारी सभा भरली. नियमाप्रमाणे पाहुणीला बसता येत नव्हतं, म्हणून ती समोर लाँड्रीत गेली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि कोणाला बोलायचंय का, असं विचारलं. बाहेर आधीच कुजबुज झाली होती: पाच जण हो म्हणणार, पाच नाही, आणि मावशींचा नकार तर पक्काच.

चष्मेवाले उठले. "माझा त्या बाईंवर राग नाही. पण आपण देणारी मंडळी आहोत. पाळक नसेल, माणसं थोडी असतील, तरी महिन्याच्या महिन्याला आपली पार्सलं समुद्रापार जातात. मरायला टेकलेली मंडळी असं काम करते का? मावशींना विचारा."

नऊ चेहरे मावशींकडे वळले; दाराशी आजोबा डुलकीत होते. त्यांनी फक्त मान डोलवायची होती. मान डोलवली असती तर मान राहिला असता, काम राहिलं असतं, आणि उन्हाळ्यापर्यंत सगळं अगदी पहिल्यासारखं चाललं असतं.

मावशी उभ्या राहिल्या. पर्समधून एक जुना कागद काढला. "सहा वर्षांपूर्वीच्या पत्रातला एक परिच्छेद वाचायचा राहिलाय," त्या म्हणाल्या आणि तो त्यांनी वाचला, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, एक्स्चेंजच्या आवाजात. आवाज शेवटच्या ओळीला जरा हलला.

मग विणकरणींपैकी थोरलीनं विचारलं, "मग माझे स्वेटर कुठे आहेत?"

"इथेच. हौदात."

"सगळे?"

"सगळे. मोजून एकशे बारा."

म्हातारीनं बहिणीकडे पाहिलं. "तरी मी म्हणत होते, बाह्या लांब होतात की आखूड, हे एकानंही कसं कळवलं नाही."

पाळकसाहेबांना हसू आवरेना. त्यांनी रुमाल तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. हसण्याचा आवाज दाराशी पोचला तेव्हा आजोबा जागे झाले आणि काय झालं ते न विचारताच हसायला लागले. एकटे चष्मेवाले तेवढे मूग गिळून बसले होते.

"मला माफ करा," मावशी म्हणाल्या. "तुमचं मन मोडू नये म्हणून गाळला, असं मी स्वतःला सांगत आले. पण तेवढंच नव्हतं. पार्सलं बंद झाली तर मी काय करायचं, ही मला भीती होती. घ्यायला इतकं जड जातं, हे मला या आठवड्यात कळलं. तिकडच्या लोकांनी शंभर वर्षं ते केलं, आणि वर पत्र लिहून आपले आभार मानले. समोरच्या बाईंना आपण गोदाम वाटतो. आणि खरं सांगायचं तर आहोतच. माझं मत हो आहे."

पाळकसाहेबांनी हात वर करायला सांगितले. धाकटीचा हात सगळ्यांत आधी वर गेला. ती आयुष्यात पहिल्यांदाच थोरलीच्या बाजूनं मत देत होती आणि ते जगाला दिसावं अशी तिची इच्छा असावी. मग विणकरणींचे. मग बाकीचे, एकेक करून. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"लवकर मोजा," ते हात वर करत म्हणाले. "माझा खांदा धरलाय."

अकरा झाले. पाळकसाहेबांनी दोनदा मोजले, कारण इतका मोठा आकडा या सभेत बऱ्याच दिवसांत एकमतानं आला नव्हता.

निरोप पोचवायचं काम अर्थातच मावशींचं. चर्चच्या दारातून लाँड्रीच्या दारापर्यंत पंचवीस पावलं असतील. तेवढ्यात त्यांनी एक भारदस्त वाक्य जुळवलं: मंडळीच्या सभेनं सर्वानुमते असा ठराव केला आहे की वगैरे. लाँड्रीत वाफ कोंदली होती, ओल्या कापडाचा आणि गरम लोखंडाचा वास होता. पाहुणी आणि लाँड्रीवाल्या बाई एका चादरीची दोन-दोन टोकं धरून ती ताणत होत्या. दोघी मावशींकडे बघत थांबल्या, चादर तशीच धरून.

मावशींना ते वाक्य काही आठवेना.

"राहा," त्या म्हणाल्या. "आम्हाला गरज आहे."

पाहुणीनं होकारार्थी मान डोलवली. तिचे डोळे भरून आले होते आणि हात चादरीत अडकलेले, त्यामुळे ते तिला पुसता येईनात.

"म्हणजे तो हौद आता रिकामा करणार," लाँड्रीवाल्या बाई म्हणाल्या. "मागे माझी हातगाडी आहे. उद्या सकाळी घेऊन येते. आणि पाणी भराल तेव्हा मला हाक मारा, मला बघायचंय."

मावशींनी पर्स काखेतून काढून काउंटरवर ठेवली. निरोप पोचला होता, तरी त्या निघेनात. मग त्यांनी जरा चाचरतच विचारलं, "हाक मारायची, पण नाव काय तुमचं? इतकी वर्षं विचारायचंच राहिलं."

लाँड्रीवाल्या बाईंनी नाव सांगितलं. मावशींनी ते दोनदा मोठ्यानं म्हणून नीट पाठ केलं, आणि चादरीचं एक टोक आपल्या हातात घेतलं.